आमच्या नावाने हॅलोविन बंद करू नका : न्यू जर्सीच्या शिक्षण आयुक्तांना खुलं पत्र

माननीय शिक्षण आयुक्त,
न्यू जर्सी राज्य, ट्रेंटन

सप्रेम नमस्कार,

ह्या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला पाठवतेच आहे, मराठीत इथे टाकतेय कारण एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनीकडच्या आपल्या पालकांनी पण ह्यावर बोलावं असं मला मनापासून वाटतं.

२०२३ साली साउथ ऑरेंज-मेपलवुड स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने) शाळेच्या वेळेत हॅलोविन नको असं ठरवलं. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबरचा सण, मुलं वेगवेगळे कॉस्च्युम घालतात आणि दारोदार खाऊ मागत फिरतात. काही घरांत धर्मामुळे हा सण पाळत नाहीत आणि काहींना कॉस्च्युमचा खर्च झेपत नाही, ही त्यांची कारणं. त्यावेळचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी सोशल मीडियावर 'हे काय चाललंय' अशा सुरात ते उडवून लावलं, मग दोन्हीकडून नुसती वादावादी, आणि ज्या मुलांसाठी म्हणून हे सगळं चाललं होतं ती मात्र मागेच पडली.

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांचं कारण पुढे करून हॅलोविन बंद करू नका. अहो, हा सणच मुळात आयरिश लोक बोटीतून घेऊन आले, तिकडे ते दिवा ठेवायला सलगम कोरायचे, इथे भोपळा मिळाला. २०२४ ला ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती, पहाटे मुलाला उटणं लावून अंघोळ घातली, कारीट इथे कुठलं मिळायला म्हणून पायाखाली चेरी टोमॅटो फोडला, चकली खाल्ली आणि मग तो डायनासोर होऊन शाळेत गेला. त्याला ह्यात काहीही विचित्र वाटलं नाही.

आणि हॅलोविनऐवजी 'फॉल पार्टी', म्हणजे शरद ऋतूची पार्टी, केली की प्रश्न सुटतो असंही नाही. तेच भोपळे, तेच नारंगी आयसिंगचे कपकेक, फक्त कॉस्च्युम काढून घेतले. ज्या घरात हॅलोविन चालत नाही त्यांना हे बरोबर कळतं, आणि बाकीची मुलं हिरमुसतात आणि राग काढतात तो 'त्या' घरांवर.

खरा त्रास वेगळाच आहे आणि तो मी डोळ्यांनी बघितलाय. शाळेत हॅलोविनला मुलांची कॉस्च्युम घालून परेड निघते, तिला व्हॉलंटियर म्हणून गेले होते, तिथे एक मुलगी लायब्ररीत एकटी बसून पानांचं चित्र रंगवत होती, बाहेर ग्राउंडवर म्युझिक आणि आरडाओरडा, आणि ती मला विचारते, "माझा वर्ग परत कधी येणार?" तिच्या घरी हा सण करत नाहीत, त्यात काहीच चूक नाही, पण सात वर्षांच्या मुलीला शिक्षा झाल्यासारखं का वाटावं? तिच्याबरोबर एखादी टीचर, अजून चार मुलं आणि काहीतरी खरंच मजेचं, सायन्सचा प्रयोग म्हणा, बेकिंग म्हणा, एवढं करायला कितीसं लागतं!

कॉस्च्युमचं तर सोपं आहे. सप्टेंबरमध्येच शाळेत जुने कॉस्च्युम गोळा करा, ज्याला हवा तो घेऊन जाईल, कोणाला विचारायचं नाही. नाहीतर आर्टच्या तासाला सगळ्यांनीच कागदी मुखवटे करायचे, म्हणजे ३०-४० डॉलरचा ड्रेस आणि घरचा ड्रेस अशी तुलनाच नको.

कँडी मात्र वर्गातून बंदच करा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सगळ्यांना माहीत असते, पण गमी आणि मार्शमेलोमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं हे टीचरच्या लक्षातही येत नाही आणि आमची शाकाहारी मुलं, मुस्लीम, ज्यू मुलं हातात पाकीट धरून लेबल वाचत बसतात. २०१४ पासून देशभर लोक दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवतात, म्हणजे इथे खाऊऐवजी खेळणी-स्टिकर मिळतील. शाळेला हे का जमू नये?

हे सगळं लोकल बोर्ड ठरवतं हे मला माहीत आहे. पण धार्मिक सुट्ट्यांची यादी स्टेट बोर्डच, म्हणजे राज्याचं शिक्षण मंडळच, काढतं ना, दिवाळी त्यात आहे म्हणूनच त्या दिवशी मूल घरी राहिलं तर त्याच्या हजेरीला धक्का लागत नाही. तशीच हॅलोविनसाठी एक साधी गाइडलाइन काढा: परेड ऐच्छिक, शेवटच्या तासाला, न येणाऱ्या मुलांसाठी टीचरसकट दुसरा कार्यक्रम, खाऊ नाही, कॉस्च्युमची पेटी, आणि घरी पत्र सप्टेंबरमध्ये, आदल्या आठवड्यात नाही. सगळ्या डिस्ट्रिक्टना ती शाळा सुरू व्हायच्या आत मिळाली तर ह्याच वर्षी लागू होईल.

तुमच्या उत्तराची वाट बघतेय.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतली एक आई