अडीच एकर, दीड बॅग

तान्हा पोळा, यवतमाळ जिल्हा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझ्या पोरीनं विचारलं, "काका, गुणाकार केला तर उत्तर लहान कसं होते?" तेव्हा नीट सांगता आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

तिला आधी एवढंच सांग की अपूर्णांकात गुणिले दिसलं की 'चा-ची-चे' वाचायचं. १/२ × १/२ म्हणजे अर्ध्याचं अर्धं. ताटातल्या अर्ध्या भाकरीतली अर्धी भावाला द्यायला लाव. हातात पाव उरली की तिचं तिलाच समजेल.

मग अंगणात काडीनं वावर काढ. उभे चार पट्टे, त्यातल्या तिनांत पराटी (कपाशी), म्हणजे ३/४. आता त्याच वावराचे आडवे तीन भाग पाड. वरच्या दोन भागांतच डवरा (तण काढायचं औत) फिरला, म्हणजे पराटीच्या २/३ भागात. डवरलेली पराटी किती? सगळ्या चौकटी ४ × ३ = १२, डवरलेल्या ३ × २ = ६. सहा छेद बारा, म्हणजे अर्धं वावर! छेदाला छेदानं का गुणायचं ते त्या बारा चौकटींत दिसते, अंशाला अंशानं का ते सहांत. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हीच रीत दिली: अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकारानं भागायचं. पण पाठ करायच्या आधी पोरीनं चौकटी बोटानं मोजाव्यात, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे.

खरी चूक होते ती अडीच-दीड आले की. मीच केली होती. अडीच एकराला एकरी दीड बॅग खत. मी दोन एके दोन केलं, अर्ध्याचं अर्धं पाव केलं, सव्वादोन धरून तीन बॅगा आणल्या. खालच्या धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, ओळी खताविनाच राहिल्या. आबाजींना अडीचकी (अडीचचा पाढा) पाठ होती, बाजेवरूनच म्हणाले, "पावणेचार लागतात रे." दोनाचं अर्धं आणि एकाचं अर्धं मी सोडून दिलं होतं, तिथंच दीड बॅग गेली. म्हणून आधी अडीचचे ५/२ आणि दीडचे ३/२ करायचे. १५/४, म्हणजे पावणेचार.

आता तिला औट (साडेतीन) एकराला एकरी दीड बॅग काढायला दे. सव्वापाच आलं का, ते कळव.

तुझाच,
जुना बाकसोबती