टाचेत इंजेक्शन घेऊन धावू नका

माननीय संपादक महोदय,

पोलीस भरतीची चाहूल लागली की पहाटे डांबरी रस्त्यांवर धावणाऱ्या मुलामुलींची गर्दी होते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. सराव मात्र एकदम रोजच्या पाच-सहा किलोमीटरने सुरू होतो, वर दोरीच्या उड्या आणि बेडूकउड्या. धावताना दर पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण तळव्याचा पट्टा आणि हाडं तितक्या लवकर मजबूत होत नाहीत. टाच धरली तरी गोळी घेऊन सराव चालूच.

आधी दुखणं कुठलं ते ओळखावं. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला कळ येते, थोडं चाललं की सैल पडते आणि टाचेखाली आतल्या बाजूला दाबल्यावर दुखतं, तर तो बहुधा प्लांटर फॅशिया, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा जाड पट्टा. पण टाच दोन्ही बाजूंनी हातांच्या तळव्यांत धरून दाबताच कळ आली, किंवा पायाच्या वरच्या बाजूला एकाच हाडावर पेराएवढी जागा दुखली, चालावं तसं दुखणं वाढलं, रात्रीही ठणकलं, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला पडणाऱ्या बारीक तड्याची, शंका घेऊन धावणं त्याच दिवशी बंद करावं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत तडा दिसेलच असं नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे मोकळीक नव्हे. पाळी अनियमित किंवा बंद झालेल्या मुलींनी तर हे अजिबात अंगावर काढू नये. पोटभर न खाता धावल्यानं हाडं कमजोर होतात. उलट एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ ऐकून घाबरायचं कारण नाही, असा काटा टाच न दुखणाऱ्यांतही सापडतो.

पट्ट्याचंच दुखणं असेल तर उड्या आणि वेगाचं धावणं थांबवा, सायकल किंवा पोहणं चालेल. सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढा, दहा सेकंद, दहा वेळा. खरा उपाय पायरीवरचा. चवडा पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच बाहेर. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. असे बारा, तीन वेळा, एक दिवस आड. सोपं वाटू लागलं की सॅकमध्ये पुस्तकं भरा. आठ दिवसांत गुण येत नाही, तीन महिने धरून चाला. लोक तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात आणि इंजेक्शनकडे वळतात. टाचेतलं स्टेरॉइड काही आठवडे दुखणं दाबतं, पण वारंवार घेतल्यास पट्टा फाटू शकतो आणि टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते. ती झिजली की परत भरणं अवघड.

बूट वरून नवे दिसतात, पण बाजूनं फोमला आडव्या सुरकुत्या पडल्या किंवा टाच एका अंगाला झिजली की संपले. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदलावेत. नवे संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं.

अर्धा तास न दुखता चालता आलं की मगच मातीच्या मैदानावर एक मिनिट धावणं, चार मिनिटं चालणं, असे पाच-सहा फेर. धावताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी निवळलं तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं धावावं. सकाळचं पहिलं पाऊल जास्त दुखलं तर मागच्या टप्प्यावर परतावं. अकादमीच्या प्रशिक्षकांनी हजेरीच्या वहीतच या दुखण्याचा एक रकाना आखावा.

आपले,
क्रीडा फिजिओथेरपीत काम करणारे काही वाचक