पंपावर घनता दिसते, इथेनॉलचे टक्के का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ई२० पेट्रोलवरून (म्हणजे २० टक्के इथेनॉल, ऊस-मक्यापासून बनणारं अल्कोहोल, मिसळलेलं पेट्रोल) व्हॉट्सअपवर जे काय फिरतंय ते वाचून डोकं उठलंय. एक म्हणतो इंजिन खलास होणार, दुसरा म्हणतो शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊ नका, आणि या भांडणात साधा प्रश्न कोणी विचारतच नाही की नोझलमधून टाकीत काय पडतंय हे पंपावर नीट लिहिलंय तरी का?

इथेनॉल आपल्या जिल्ह्याला नवीन नाही बरं का. २००१ साली सरकारने पहिल्यांदा ट्रायल घेतली ती मिरजला, आपल्या मनमाडला आणि युपीत बरेलीकडे. २००३ पासून ५ टक्के सुरू झालं, मग वर्षानुवर्षं रखडत चाललं, जून २०२२ ला कुठे १० टक्के झालं आणि तिथून जो वेग घेतला की २०३० चं २० टक्क्यांचं टार्गेट २०२५ मधेच गाठून मोकळे. पेट्रोल बदललं पण रस्त्यावरच्या गाड्या थोड्याच बदलल्यात, ई२० चालेल अशा मटेरियलच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या, त्याआधीच्या अॅक्टिव्हा, स्प्लेंडर, वॅगनआर सिडको-सातपूरला प्रत्येक बिल्डिंगखाली उभ्या आहेत आणि अंबड एमआयडीसीत शिफ्टला जाणारा माणूस काय लगेच नवी गाडी घेणार आहे का.

मायलेज कमी होतं हे मी म्हणत नाही, नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल म्हणतो. जुन्या डिझाइनच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, दुचाकीत ३ ते ४ टक्के. इथेनॉलच्या लिटरमधे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, मग होणारच. त्याच अहवालात जुन्या गाड्यांसाठी ई१० चालू ठेवा आणि टॅक्समधे सूट देऊन ग्राहकाचा तोटा भरून काढा असंही सुचवलं होतं, ते मात्र सोयीस्करपणे विसरले. इथेनॉल घातलंय तर पेट्रोल स्वस्त का नाही असं लोक विचारतात, तर कंपन्यांना २०२५ मधे इथेनॉलच लिटरला ७१ रुपयांच्या आसपास पडत होतं, त्यामुळे तिथून काही सुटायचं नाही, सुटलं तर टॅक्समधूनच सुटेल.

इथेनॉलला माझा विरोध नाही. येवला-मालेगावच्या मक्याला आणि कारखान्यांच्या मळीला गिऱ्हाईक मिळत असेल तर चांगलंच आहे (पोल्ट्रीवाले मक्याच्या भावाने ओरडतात ते वेगळं). प्रश्न विक्रीच्या नियमाचा आहे. दिंडोरी रोडला बनलेल्या वाईनच्या बाटलीवर अल्कोहोल किती टक्के हे छापावंच लागतं, कायदाच आहे, आणि गाडीच्या टाकीत २० टक्के अल्कोहोल ओतताना बिलावर अवाक्षर नाही! मी जिथे पेट्रोल भरतो त्या पंपावर घनता दिसते, हवेचं मशीन आहे, पण इथेनॉल किती हे कुठेच नाही. पोऱ्याला विचारलं तर म्हणतो, काका सगळीकडे सेमच येतं.

बाहेर काय करतात बघा. अमेरिकेत १५ टक्केवालं पेट्रोल २००१ आणि पुढच्या गाड्यांनाच चालतं, मोटरसायकलला नाही, आणि तसं लेबल पंपावर लावावंच लागतं. ब्रिटनमधे २०२१ ला ई१० आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई५ सुपर ग्रेडमधे ठेवलं. आपल्याकडे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर लेबल मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळली. ठीक आहे, कोर्टाचा निर्णय मान्य, पण सरकारला लेबल लावायला कोर्टाची वाट बघायची गरज कुठे आहे? ग्राहक संरक्षण कायद्यात माहितीचा हक्क आधीपासून आहे.

आणि पावसाळ्याचं बोललं पाहिजे. इथेनॉल पाणी ओढतं, जमिनीखालच्या टाकीत पाणी जास्त झिरपलं की इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसतं आणि मग तेच मिश्रण गाडीत येतं. गाडी बंद पडली की मेकॅनिक म्हणतो पेट्रोल खराब, पंपवाला म्हणतो गाडी जुनी, मधे आपण. फिल्टर पेपर टेस्ट (कागदावर पेट्रोलचा थेंब टाकून भेसळ बघायची) मागायचा हक्क ग्राहकाला आहे, पण त्यात टक्के कळत नाहीत. टक्के बघायला काचेचं उभं मोजपात्र लागतं, त्यात पेट्रोल आणि मापून पाणी घालून हलवायचं, इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर जितका वाढला त्यावरून अंदाज येतो. घनता मोजायचं सामान पंपावर असतंच, मग त्याच्या जोडीला असं एक मोजपात्र ठेवून ग्राहकाने मागितल्यावर ही टेस्ट करून दाखवायला काय हरकत आहे?

तेव्हा नोझलवर आणि बिलावर टक्के छापा, आणि शहरात निदान थोड्या पंपांवर तरी जुन्या गाड्यांसाठी ई१० ठेवा, दर दोन रुपये जास्त लावा हवं तर. आपल्या पेपरने नाशिकच्या चार-पाच पंपांवर वार्ताहर पाठवून इथेनॉल किती हे विचारून बघावं आणि जी उत्तरं मिळतील ती जशीच्या तशी छापावीत.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक