विनूला पत्र: आतड्याचा एवढासा तुकडा

फोंडा, गोवा

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र चवथीच्या धांदलीत आलं. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची आरास) उतरवली आणि आज लिहायला बसलो. भाच्याला नवं आतडं बसवून सहा आठवडे झाले, पोर जेवतंय, तरी चेन्नईचे डॉक्टर पोटावर काढून ठेवलेल्या आतड्याच्या तोंडातून दुर्बीण घालून सारखे तुकडे काढतात. 'पोराची चाळण करतील' असं लिहिलंस.

अरे, किडनीवाल्यांचं बरं असतं, रक्तात क्रिएटिनिन वाढलं की शंका येते. आतड्याला तसा भरवशाचा निरोप्या नाही. सिट्रुलिन नावाचं एक द्रव्य रक्तात कमी होतं, पण ते आतड्याला दुसरी कसलीही इजा झाली तरी होतं. शरीर नवं आतडं नाकारतंय, म्हणजे रिजेक्शन होतंय, हे जुलाब-तापावरून कळेपर्यंत फार उशीर होऊ शकतो. पोटावरचं तोंड काही काळ ठेवतात, त्याचं एक कारण हेच: तुकडा सहज काढता यावा.

आता मी भिंगाखाली काय बघतो ते ऐक. (माझ्याकडे फोंड्यात येतात ती अपेंडिक्सं नि पित्ताशयं, ही आतडी मी शिकताना पाहिली.) आतड्याचं अस्तर म्हणजे तरवा लावलेलं शेत. वर उभी पाती आणि खाली खोल खळगे, त्यांना क्रिप्ट म्हणतात. रोप तयार होतं ते खळग्यात. तिथून पेशी वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत अस्तर नवं होतं. रिजेक्शनचा घाव याच रोपवाटिकेवर बसतो. पेशी आकसून, तुकडे तुकडे होऊन मरतात, त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. मग आम्ही बसून मोजतो. दहा क्रिप्टमध्ये एखाद-दुसरी मेलेली पेशी चालते; सहाच्या वर गेल्या आणि भोवती चिडलेल्या लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) ही दिसल्या, तर सौम्य रिजेक्शन. शेजारशेजारच्या पेशी एकगठ्ठा मेल्या की मध्यम. क्रिप्टच नाहीसे होऊन व्रण पडले की गंभीर. ही प्रतवारी २००३ मध्ये मायामीच्या परिषदेत ठरली.

पण मोजणं सोपं, अर्थ लावणं अवघड. सीएमव्ही या विषाणूने किंवा अ‍ॅडिनोव्हायरसनेही पेशी अशाच मरतात, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटच्या गोळ्यांनीही. आणि उपाय नेमके उलटे! रिजेक्शनला स्टेरॉइडचा जोरदार मारा, विषाणूला मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी. चूक झाली तर उपायच अंगावर येतो. म्हणून विषाणू शोधायला वेगळी रंगवणी करतात. शिवाय रिजेक्शन ठिगळाठिगळाने होतं, एका तुकड्यात सापडेलच असं नाही. इलियममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, तर लिम्फोसाइटचे ढीग मुळातच असतात, नवशिका घाबरतो. मीही घाबरलो होतो. सरांनी स्लाइड हातातून काढून घेतली होती.

तेव्हा तुकडे काढू देत. तुला चीड येते ती पोराच्या मायेपोटी, ते मला कळतं. पण त्या डॉक्टरांशी भांडू नकोस.

आणि हो, माटोळीतलं पपनस त्याला पाठवू नकोस. ते खाल्लं की टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढते. आमच्याकडचं मीच खाऊन टाकलंय.

तुझा,
दत्ता