पॉइंटचं टार्गेट लावून कोच सुधरत नसतो

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं की अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोचच्या करारातच लिहिलेलं असतं, मॅचमागे इतके पॉइंट नाही आले तर घरी जा, अन् आपल्या विदर्भाच्या रणजी टीमच्या कोचलाही असंच बांधून घ्या. त्यांनी दाखला दिलाय तो आयोवा युनिव्हर्सिटीच्या टीमचा. माझा भाचा तेव्हा तिकडे आयोवा सिटीतच शिकत होता, तिकडे सकाळी अकराला मॅच सुरू झाली की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, जेवण आटोपून मी मोबाइल घेऊन बसायचो अन् मामा-भाच्याची जुंपायची, त्यामुळे हे प्रकरण मला चांगलंच माहीत आहे आणि त्या पत्रात ते अर्धंच आलंय.

आधी हे सांगतो की हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही, हेल्मेटवाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याचा. कोणत्या प्रयत्नाला पळायचं, कोणत्या प्रयत्नाला फेकायचं, हे ठरवतो तो ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. हेड कोच त्याच्याही वर. आयोवात 1999 पासून हेड कोच आहेत कर्क फेरेन्झ, आणि 2017 पासून सात सीझन कोऑर्डिनेटर कोण होता, तर त्यांचाच मुलगा ब्रायन! कागदावर मुलगा बापाला नाही तर युनिव्हर्सिटीच्या क्रीडा संचालकाला रिपोर्ट करणार अशी सोय केलेली. आता हसावं की रडावं तुम्हीच सांगा.

2022 मध्ये या टीमने एक मॅच 7-3 अशी जिंकली, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध. वाटेल की एक टचडाऊन झाला असेल, म्हणजे बॉल घेऊन समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचणं, त्याचे सहा आणि वरच्या किकचा एक. अजिबात नाही. एक फील्ड गोल, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून मारायचा, त्याचे तीन आणि बाकीचे चार डिफेन्सने दोन वेळा समोरच्याला त्याच्याच टोकाच्या पट्ट्यात दाबून मिळवलेले, त्याला सेफ्टी म्हणतात, एकाचे दोन. म्हणजे ज्यांचं काम पॉइंट करायचं ते तीनवर आणि ज्यांचं काम पॉइंट अडवायचं त्यांचे चार. भाचा त्या रात्री इतका तापला होता की जिंकल्यावर पण शिव्याच घालत होता.

असा अख्खा सीझन काढल्यावर 2023 च्या सुरुवातीला ब्रायनचा नवीन करार झाला. पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि अट दोन गोष्टींची: सात मॅच जिंका अन् सरासरी 25 पॉइंट करा, नाहीतर करार संपला. पत्रलेखकांना आवडलेली अट ती हीच. पण त्या 25 मध्ये डिफेन्सचे अन् स्पेशल टीमचे (किक-पंटच्या वेळी उतरणारी पोरं) पॉइंटही धरलेले होते हे त्यांनी लिहिलंच नाही. त्याच वर्षी मिशिगन स्टेटविरुद्ध शेवटच्या क्वार्टरमध्ये 16-16 बरोबरी होती, तेव्हा कूपर डिजीन नावाच्या पोराने समोरून आलेली पंट, म्हणजे लाथ मारून लांब पाठवलेला बॉल, झेलली आणि एकट्याने 70 यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, शेवटी मॅच 26-16. त्यात ब्रायनच्या प्लॅनचा काडीचा संबंध नाही, पण पॉइंट ब्रायनच्या खात्यात! मग हे मोजमाप कशाचं हो?

मी पंचवीसेक वर्षं औषध कंपन्यांत एमआरची नोकरी केली. महिना संपत आला की टार्गेटसाठी काय चालतं हे कोणत्याही एमआरला विचारा, स्टॉकिस्टकडे नको असलेला माल ढकलायचा, कागदावर सेल दाखवायचा आणि पुढच्या महिन्यात तोच माल परत घ्यायचा, डॉक्टरने प्रिस्क्रिप्शन लिहिलं का नाही ते कोणी पाहत नाही. आयोवातही लोकांनी 13 मॅच गुणिले 25 असं करून 325 चा हिशोब लावला होता, दर शनिवारी किती झाले किती राहिले. वेस्टर्न मिशिगनला 41-10 ने धुतलं तेव्हा भाच्याचे रूममेट मॅच सोडून सरासरीवर टाळ्या पिटत होते.

शेवटी कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या गटाची, फायनल धरून 14 मॅचमध्ये 216 पॉइंट झाले, सरासरी 15.4. पण फैसला त्याच्या आधीच झाला होता. 30 ऑक्टोबरला, टीम 6-2 (सहा जिंकलेल्या, दोन हरलेल्या) असताना, हंगामी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की सीझननंतर ब्रायन राहणार नाही. म्हणजे तुला काढलंय, पण तोवर काम चालू ठेव बाबा. टीम तरीही दहा मॅच जिंकली आणि मग कॉन्फरन्स फायनलला मिशिगनकडून 26-0, सीझनच्या शेवटच्या सिट्रस बाउल मॅचमध्ये टेनेसीकडून 35-0. शेवटच्या दोन मॅचमध्ये एक पॉइंट नाही. आणि गंमत पाहा, त्याच टीमचे डिफेन्सचे कोऑर्डिनेटर फिल पार्कर यांना त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचचा ब्रॉयल्स अवॉर्ड मिळाला. एकाच ड्रेसिंग रूममधला एक जण बक्षीस घेतोय आणि एक जण सामान बांधतोय.

ब्रायनला काढलं ते बरोबरच झालं असं माझं मत आहे, भाच्याचंही. फक्त कारणं वेगळी. तो म्हणे मामा सरासरी बघा. मी म्हणायचो सरासरी सोड, त्याच्या हाताखाली सात वर्षांत एकही क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, पुढे पुढे जाताना दिसला का ते सांग. हो, त्या वर्षी क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा पाचव्याच मॅचला गेला आणि राखीव पोरावर सीझन काढावा लागला, ते त्याच्या बाजूने धरायलाच पाहिजे. पण त्याच्या आधीच्या वर्षी काय होतं? आणि मुख्य म्हणजे बॉल सांभाळा, चुका टाळा, पंट करा, डिफेन्सवर जिंका, ही पद्धत बापाची. हिशोब मात्र फक्त मुलाच्या करारात.

यावर भाच्याने नंतर मला चांगलंच पकडलं. 2024 मध्ये टिम लेस्टर नावाचे नवीन कोऑर्डिनेटर आले, हेड कोच तेच, आणि सरासरी गेली 27.7 वर. म्हणे आता बोला मामा, बाप तोच आहे ना? बोलण्यासारखं होतं थोडं, कबूल, मुलाच्या वाट्याचा दोष मी धरला होता त्यापेक्षा मोठा निघाला. पण त्याच सीझनला टीम 8-5 राहिली. 15.4 वाले दहा जिंकले, 27.7 वाले आठ. आता पत्रलेखकांनी सांगावं की यातला कोणता आकडा करारात टाकायचा.

आता आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर येऊ. फेब्रुवारी 2025 ची रणजी फायनल, केरळविरुद्ध, पहिल्या दिवशी आपले 24 वर तीन आउट. त्या वेळी बॅटिंगचा आकडा पाहून कोणाची नोकरी ठरवली असती? पुढे दानिश मालेवारने 153 केले, करुण नायरबरोबर 215 ची पार्टनरशिप झाली, पहिल्या डावात 37 ची लीड मिळाली आणि ड्रॉ मॅचमध्ये तेवढ्यावर आपण चॅम्पियन. बरं त्याच सीझनमध्ये हर्ष दुबेने 69 विकेट काढल्या, रणजीचा एका सीझनचा रेकॉर्ड. म्हणजे रन किती लागतात हेही बॉलरवर अवलंबून असतं ना भौ. त्याच्या आदल्याच वर्षी वानखेडेवर मुंबईने आपल्याला फायनलमध्ये 169 रननी हरवलं होतं, 538 चा पाठलाग करताना, आणि कोच तेव्हाही उस्मान गनीच होते. त्यांच्यावर तलवार नाही काढली हे असोसिएशनने शहाणपणाचं केलं, एरवी असोसिएशनबद्दल मी चांगलं बोलणारा माणूस नाही.

कोचला जाब विचारू नका असं मी म्हणतच नाही. जरूर विचारा, पण आधी हे ठरवा की टीम कोण निवडतं, बॅटिंग ऑर्डर कोण लावतं, पिच कसं हवं हे कोणाच्या शब्दावर होतं, आणि जे त्याच्या हातात आहे तेवढ्याचाच हिशोब त्याच्याकडून घ्या. 19 वर्षांखालून आलेली पोरं दोन वर्षांत कुठे पोहोचली ते बघा. पत्रलेखकांनी बॅटिंग कोचसाठी डावाला 350 ची अट सुचवली आहे, तर त्यांना एकच विचारतो, शेपटाच्या बॉलरने केलेले 40 रन तुम्ही त्यात धरणार का नाही?

आपला,
एक जुना वाचक, प्रतापनगर, नागपूर