आई, हेवा नेमका कशाचा?

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "या वयात असलं मनात येतं, लाज वाटते गं." लाज आधी बाजूला ठेव. भजनी मंडळाने रावपुऱ्याच्या मावशींना पुढे बसवलं आणि तुला आतून झोंबलं, यात तू वाईट ठरत नाहीस. मत्सर षड्रिपूंमधला, म्हणून माणसं तो कबूलच करत नाहीत. मग तो टोमण्यातून बाहेर पडतो: "तुमचं काय बाई, तुम्ही आता मोठ्या गायिका!" हसत म्हटलं तरी समोरच्याला कळतं.

जवळच्याच माणसाचा हेवा का वाटतो? लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसाशी ताडून. पुढे अब्राहम टेसरने दाखवलं की माणूस जवळचं असलं आणि आपण जी गोष्ट आपली मानतो तीच त्याला आपल्यापेक्षा बरी जमली, की सर्वांत जास्त टोचतं. बघ ना, मावशींच्या मुलाने अलकापुरीत फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीचे लाडू तूच हौसेने वळलेस. टोचलं ते गाण्यात.

आता करायचं काय? एक वही घे. सलग चार दिवस, दुपारी बाबा झोपले की पंधरा मिनिटं लिही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा लेखनाचा प्रयोग याच मापाचा होता. पहिल्या दिवशी बहुतेक जण समोरच्याची उणीदुणीच काढतात, काढ. दुसऱ्या दिवसापासून मात्र प्रत्येक वाक्य 'मला'ने सुरू कर. 'ती तालाला कच्ची आहे' नको, 'मला भैरवी म्हणायला मिळाली नाही' हवं. तिसऱ्या दिवशी कधी कधी भलतंच वर येतं. कदाचित असं निघेल की मावशींची नातवंडं घरात आहेत आणि तुझी लेक पुण्यात. तसं निघालं तर मला सांग, मी ऐकेन. मावशींवर काढू नकोस. चार दिवस झाले की थांब आणि पानं फाडून टाक. तेच तेच उगाळत राहिलं की मन हलकं व्हायचं सोडून आणखी कडवट होतं.

त्यांची एखादी चांगली बातमी कानावर येते तो पहिला मिनिट अवघड. छातीत आवळतं, हसू ओढूनताणून येतं. लगेच उत्तर देऊ नकोस. चार अंक मोजत श्वास घे, सहा अंक मोजत सोड, असं दहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांब. मग फोन लाव. नुसत्या 'अभिनंदन हं'वर सुटू नकोस, कौतुकाचा पूरही नको. तो खोटा वाटतो. दोन खरे प्रश्न विचार: "कुठला अभंग घेतलास? तबल्याला कोण होतं?" तपशिलात शिरलं की मन स्वतःची मोजणी विसरतं. आणि स्वतःची बातमी त्या फोनवर नाही, पुढच्या.

मावशींपुढे कबुली देत बसू नकोस, असं माझं मत. ओझं त्यांच्यावर पडतं आणि पुढची चांगली बातमी त्या तुझ्यापासून लपवतील. मात्र चारचौघांत त्या तुला कमी लेखत असतील तर तो तुझा हेवा नव्हे, त्यांचं वागणं आहे. तसं असेल तर एकटीला गाठून सरळ सांग.

गाणं सोडू नकोस. रोज अर्धा तास पेटी काढ. एक तारखेला एक अभंग मोबाइलवर रेकॉर्ड कर, महिनाअखेरीला तोच पुन्हा, आणि दोन्ही ऐक. ताडून बघायचं तर हे बघ. मंडळालाही स्पष्ट सांग की एकादशीला एक अभंग मला हवा. मागितल्याशिवाय कुणाला कळायचं?

बाबा, आता तुमच्याशी. आईची बाजू घेताना "तिला कुठे गाता येतं!" म्हणू नका. आईला दोन मिनिटं बरं वाटतं, पण तुलना तशीच राहते, आणि मावशी चहाला आल्या की तिला अवघडल्यासारखं होतं. "एवढं काय मनाला लावून घेतेस"ही नको. कमाटीबागेत चालताना "जास्त कशाचं लागलं?" एवढंच विचारा आणि ऐका. शेजारी चालत असलं की असलं बोलणं सोपं जातं. तुमच्या योगसूत्रांतलं पहिल्या पादातलं ३३वं सूत्रही तिला वाचून दाखवा. चित्त प्रसन्न राहण्यासाठी तिथे सुखी माणसाशी मैत्री सांगितली आहे. ती आपोआप जमत असती तर साधनेत कशाला घातली असती?

दोन आठवडे उलटूनही आईची झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन रमत नसेल, तर हा हेव्याचा मामला समजू नका. डॉक्टरांना दाखवा आणि मला त्याच दिवशी कळवा.

तुमची लेक

ता. क. आई, मावशींचं व्हॉट्सॲप स्टेटस बघून त्रास होत असेल तर यादीत त्यांच्या नावावर बोट दाबून धर, म्यूट येईल. त्यांना ते कळत नाही. फोन मात्र म्यूट करायचा नाही हं.