ओळ संपली की एंटर मारू नका, आणि मारलाच असेल तर...

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचक तुम्हाला लेख टाइप करून पाठवतात त्याबद्दल एक विनंती आहे. मी बरीच वर्षं मुद्रितशोधन करते आणि खरं सांगायचं तर ऱ्हस्व-दीर्घापेक्षा माझा जास्त वेळ खातात ते प्रत्येक ओळीच्या शेवटी मारलेले एंटर. लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं, पण फॉन्ट जरा मोठा केला किंवा मजकूर अरुंद कॉलममध्ये टाकला की एक पूर्ण ओळ, खाली दोनच शब्द, परत पूर्ण ओळ, परत दोन शब्द, असा सगळा मजकूर फाटतो.

ही टाइपरायटरची सवय आहे. तिथे घंटी वाजली की दांडा सरकवावाच लागायचा, त्याशिवाय पुढची ओळ सुरू व्हायचीच नाही. कॉम्प्युटरवर ओळ आपोआप खाली येते, एंटरचा अर्थ तिथे परिच्छेद संपला असा होतो. पीडीएफमधून कॉपी केलं तरी बऱ्याचदा हेच होतं, प्रत्येक ओळ तुटून येते.

आता असे एंटर हाताने एकेक काढत बसणारे लोक मी बघते आणि जीव तुटतो, कारण हे दोन-तीन मिनिटांचं काम आहे. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की फाइंड अँड रिप्लेस उघडतं. परिच्छेदाच्या खुणेसाठी तिथे कॅरेटचं चिन्ह (शिफ्ट आणि 6) आणि त्याला चिकटून इंग्रजी छोटा पी टाइप करायचा. शिफ्ट धरून एंटर मारला असेल तर ती खूण वेगळी, तिथे कॅरेट आणि छोटा एल. कुठली खूण आहे ते कंट्रोल, शिफ्ट आणि 8 दाबून आधी बघून घ्या, ¶ दिसलं तर पी, वाकडा बाण दिसला तर एल.

पण थेट सगळे पी काढून रिप्लेस ऑल मारू नका!! मी एकदा तेच केलं, 200 पानांचं पुस्तक एका सलग परिच्छेदात गेलं आणि मी ते सेव्ह करून फाइल बंद पण केली. त्यात मधे मधे कविता होत्या, त्यांच्या ओळी कुठे तुटतात ते परत मूळ हस्तलिखित समोर ठेवून लावावं लागलं, चार दिवस गेले. कवितेत ओळ तोडणं हा कवीचा निर्णय असतो, पत्ता आणि यादीचंही तसंच, ते भाग सोडून बाकीचाच मजकूर सिलेक्ट करून रिप्लेस करा, आणि वर्डने उरलेल्या भागात शोधू का विचारलं तर नाही म्हणा. आणि काम मूळ फाइलवर नको, कॉपीवर करा.

परिच्छेदांच्या मधे एक रिकामी ओळ असेल तर बरोबर क्रम असा. आधी पी-खूण लागोपाठ दोनदा शोधायची (म्हणजे खरा परिच्छेद) आणि तिच्या जागी @@@ असं मजकुरात कुठेच नसलेलं काहीतरी ठेवायचं. मग उरलेल्या एकेकट्या पी-खुणांच्या जागी एक स्पेस. शेवटी @@@ च्या जागी परत पी-खूण. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत स्पेस लपलेली असेल तर पहिली पायरी फसते, म्हणून आधी स्पेस आणि पी-खूण शोधून नुसती पी-खूण करून घ्या.

स्पेस टाकायला विसरू नका हे मुद्दाम सांगते. ओळीच्या शेवटी ‘पण’ आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ‘ती’ असेल तर स्पेसशिवाय ‘पणती’ होते, ‘का’ आणि ‘ही’ चं ‘काही’ होतं, आणि स्पेलचेक गप्प बसतं कारण शब्द बरोबरच आहेत! जास्तीच्या स्पेस नंतर काढता येतात, दोन स्पेस शोधून एक करायची, एकही सापडेनाशी होईपर्यंत.

ओळीच्या शेवटी शब्द तोडून छोटी आडवी रेघ दिली असेल तर तिथे मात्र रिप्लेस ऑल नको, एकेक बघत जा, नाहीतर ‘आई-वडील’चं ‘आईवडील’ होऊन बसतं.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना कॅरेट-पी चालत नाही, तिथे फाइंड अँड रिप्लेसच्या खिडकीतला ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ हा पर्याय चालू करून परिच्छेदाच्या शेवटासाठी डॉलरचं चिन्ह आणि शिफ्ट-एंटरसाठी उलटी तिरपी रेघ आणि छोटा एन. तेच उलटी रेघ-एन रिप्लेसच्या खान्यात लिहिलं तर मात्र नवा परिच्छेद होतो, मला हे कळायला बराच वेळ लागला होता.

तर विनंती एवढीच की साहित्य पाठवण्याच्या तुमच्या सूचनेत, शब्दमर्यादेच्या शेजारीच, एक ओळ घाला : एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर, कविता असेल तर तसं वर लिहा. आणि जमलं तर वरचा तीन पायऱ्यांचा क्रमही एकदा चौकटीत छापा.

आपली,
एक मुद्रितशोधक